लढायला बोलावलंच नाही

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करताना काखेत काहीतरी टोचतंय, असं ताईला वाटलं. चाचपलं, तर गाठ. वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "कामानं सूज आलीय." तपासणीचं यंत्र बंद होतं. ते सुरू झालं तेव्हा नंबर लागेना. नंबर लागला तर मालक सुट्टी देईना. तोवर दुखण्यानं अंगात हातपाय पसरले.

पुढं धाकट्या बहिणीलाही तेच निघालं. ती बँकेत साहेबीण. तिची गाठ वेळेवर सापडली, लगेच काढलीही. बरी झाल्यावर ती ताईला सोबत म्हणून मोठ्या इस्पितळात येऊ लागली.

तिथं सलाईन चालू असताना एक नर्स बायकांना कविता करायला लावायची. ताई हसली, "जन्मभर कापडाच्या सुरकुत्या काढल्या, आता शब्दांच्या काढू होय?"

एके दिवशी धाकटीनं आपली कविता वाचली. मी लढले, मी जिंकले, अशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ताई खाली मान घालून बोलली,

"एकाच आईचं दूध प्यालो,
एकच दुखणं वाटून घेतलं.
तू लढलीस, बाई, जिंकलीस.
मला लढायला बोलावलंच नाही,
रांगेतच बसवून ठेवलं."

कुणी टाळी वाजवली नाही. धाकटी उठून व्हरांड्यात गेली. ताई सलाईनचा स्टँड ढकलत मागोमाग आली.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?" धाकटीनं विचारलं.

"तुझ्यावर कशाला गं? पण राग आहे. तेवढा राहू दे माझ्याजवळ."

धाकटीनं मग ओळखीचे सगळे डॉक्टर गाठले. उशीर झाला होता. ताईचा आवाज खोल गेला, तरी ती ओळी सांगायची आणि धाकटी उशाशी बसून लिहून घ्यायची. एक शब्दही बदलायची नाही. थंडी सरता सरता ताई गेली.

काही दिवसांनी धाकटी ताईचं सामान आणायला लाँड्रीत गेली. "शेवटी काय म्हणायची ती?" बायकांनी विचारलं. तिनं त्या ओळी म्हणून दाखवल्या. वाफेत सगळ्यांनी इस्त्र्या उभ्या करून ठेवल्या. ती निघाली तेव्हा एकजण दारापर्यंत आली आणि काखेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाई, मलाही इथं काहीतरी लागतंय."

"चल," धाकटी म्हणाली.

"मालकांना विचारते."

"मी विचारते. तू चप्पल घाल."