खालच्या दालनातील हवा

माझी शेवटची नेमणूक माझ्याच हिंगोली जिल्ह्यात होती. टेरिटोरियल आर्मीच्या आमच्या प्लाटूनचा तळ डोंगरकड्याजवळच्या माळावर होता. मी सुभेदार. पाचला पी.टी., सातला झाडांसाठी खड्डे, सायंकाळी रोल कॉल.

त्या वैशाखात वटवाघळांच्या अभ्यासक मीनल मॅडम आल्या. टेकडीच्या पोटातील जुन्या भुयारात त्यांना गणना करायची होती. मदतीचा आदेश आम्हांला होता. त्या सांगत, हे पक्षी नव्हेत, सस्तन जीव आहेत. मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते, आणि काळोखात ती स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. त्या मातेला मी मनोमन हात जोडत असे.

गणनेच्या दिवशी नऊ पन्नासला मेंढपाळ बिराजीबाबा भुयाराच्या तोंडाशी आले.

"सुभेदारसायब, खालच्या दालनातली समदी पाखरं वर येऊन राहिली. काहून, ते बघा आधी."

"त्यान्ला बी पोस्टिंग मिळालं असंल, बाबा," लान्स नाईक दत्ता म्हणाला. जवान हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "हवा मोजायचं यंत्र दुपारी येतंय. थांबू या."

आदेशात वेळ दहाची होती. "दिव्याने पाहू. हवा वाईट असेल तर ज्योत विझेल," मी म्हणालो. दीप उघड्या भूमीवर ठेवू नये, हा आमच्या घरचा संस्कार. म्हणून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी, छातीच्या उंचीवरील कोनाड्यात मी तो ठेवला. ज्योत निश्चल राहिली. मी दत्ताला पुढे पाठवले.

दहा वाजून सहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"खालच्या दालनात पोचलो, साहेब. छत रिकामं. ओव्हर."

"जमिनीवर काय आहे? ओव्हर."

"मेलेली पिल्लं. लई हायेत. एक हलून राहिलंय. उचलतो. ओव्हर."

मॅडमनी माझा दंड धरला. "वाकू नका म्हणावं त्यांना! वर बोलवा!"

"दत्ता, वाकू नकोस. वर ये. ओव्हर."

उत्तर आले नाही.

श्वास रोखून मी आणि एक जवान दोरासह उतरलो. दहा एकोणीसला त्याला उजेडात आणले. श्वास थांबला होता. ओंजळ मिटलेली होती. आतील पिल्लूही गेले होते.

साचलेली विष्ठा कुजून निघालेला जड वायू तळाशी बसतो, हे मॅडमनी नंतर सांगितले. कोनाड्यापर्यंत तो चढलाच नव्हता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी लिहून दिले: आदेश माझा, परीक्षा चुकली तीही माझी.

शिरड शहापूरला दत्ताच्या आईने एकच विचारले, "सायब, लेकरू भ्यालं व्हतं का?"

"नाही, आई. ते दुसऱ्याला उचलायला वाकलं होतं."

नित्य तर्पणात मी आता दत्ताचे नाव घेतो. हे कर्म तरुणाने वृद्धासाठी करावयाचे असते.