पुढं जायचं तर रिव्हर्स टाका

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीच्या सभेहून आले की खिशातून घडी घातलेला कागद निघायचा आणि मी त्यावरच वाचायला शिकले. म्हणून आजही एखादी गोष्ट मनाला पटली की आधी पत्रक काढावंसं वाटतं, गोष्ट अजून व्हायची असली तरी.

आत्याच्या गाडीचं तसंच झालं. वाटूर फाट्यावर तिचं गॅरेज आहे. कामं यायची ती दुचाकीची आणि पंक्चरची. चारचाकीवाले थांबायचे, तिला पाहायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं गेले?" शेवटी तिने ठरवलं, स्वतः एक गाडी बनवून दाखवायची. मोसंबीच्या बागेत फिरेल अशी बुटकी, पुढे क्रेट ठेवायला जागा आणि इंजिन मागे, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहील आणि ती काळ्या मातीत घसरणार नाहीत.

इंजिन आणि गिअरबॉक्स जालन्याच्या एमआयडीसीतल्या भंगारातून आणले, वितळायला भट्टीत जायच्या आधी. पण ते पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीचे होते. मागे लावायचे तर दोन्हींची तोंडं उलटी करावी लागतात, आणि मग चाकंही उलटी फिरतात. गिअरबॉक्सच्या पोटात चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चक्र असतं, त्याला क्राऊन म्हणतात. ते काढून दुसऱ्या बाजूला बसवलं की चाकं पुन्हा सरळ फिरतात, असं आत्याने मला समजावलं होतं.

आत्या हे करत असताना मी आष्टीच्या बाजारात पत्रकं वाटून आले. मथळा होता 'मिस्त्री इथंच आहे'. खाली लिहिलं होतं, रविवारी दहाला या, गाडी चालवून दाखवू.

आत्याने ते तेलकट हातांनीच वाचलं. "अगं, गिअरबॉक्स उघडा पडलाय अन् तू गाव बोलवून राह्यलीस."

"मंग आता जल्दी होईल," मी म्हणाले.

शनिवारी ती एका टेम्पोचं पंक्चर काढायला रस्त्यावर गेली. तेवढ्यात आपण हातभार लावावा म्हणून मी क्राऊन बसवायला घेतलं. खोलण्याआधी मी फोटो काढून ठेवले होते. एकेक भाग डिझेलने धुतला आणि फोटोशी ताडून बसवला. सगळं हुबेहूब जुळल्याच्या आनंदात झाकणही लावून टाकलं.

"बराबर बसवलंस ना?" आत्याने आल्यावर विचारलं.

"बिलकुल."

रविवारी वीसेक माणसं आली. आत्याने पहिला गिअर टाकला. गाडी सावकाश मागे गेली आणि पंक्चर बघायचा पाण्याचा टब उलथला. दुसरा टाकला, ती आणखी जोरात मागे गेली. आष्टीचे एक मोसंबीवाले काका शांतपणे म्हणाले, "रिव्हर्स टाका, पुढं जाईल."

आत्याने टाकला. गाडी खरंच पुढे गेली. माणसं पोट धरून हसली.

आत्या खाली उतरली. "फोटू पाहून लावलंस?"

"हो."

"जगाला सांगती जुनं मोडा. अन् इथं होतं तसंच ठिवलंस."

माणसं आत्याकडे बघत होती, नेहमीच्याच नजरेने. आमच्या पत्रकांत चूक कायम दुसऱ्याची असते. मी ओट्यावर चढले आणि म्हणाले, "आत्यानं बरोबर सांगितलं होतं. चुकीच्या बाजूला मी बसवलं."

"मंग आम्ही जावं का?" एकाने विचारलं.

"जायचं तर जा," आत्या म्हणाली. "थांबायचं तर पोतं घ्या बसायला. इथंच खोलते."

निम्मे गेले. उरलेल्यांसमोर तिने गिअरबॉक्स उतरवला, क्राऊन दुसऱ्या बाजूला घातलं, पातळ चकत्या बदलून त्याच्या आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राच्या दातांमधली फट पुन्हापुन्हा बघितली. काका पान्हे देत होते आणि प्रत्येक चकतीला "ही कशाला?" असं विचारत होते. ती सांगत होती. मला तिने टब भरायला लावला.

तीनच्या सुमारास तिने पहिला गिअर टाकला. गाडी पुढे गेली. दुसरा, तिसरा, चौथा. शेताच्या बांधापर्यंत जाऊन ती वळली आणि परत आली.

काका उठले, धोतराची माती झटकली. "मिस्त्री, माझ्या पिकअपचा दुसरा गिअर निसटतो. उद्या आणू का?"

"आणा," आत्या म्हणाली. "हिला उद्या पत्रकं वाटायला धाडते."