मॉनिटरवरचा लाल

नवरा बोटीवरून सुट्टीवर आला की आमच्या घरातल्या एका टेबलाला दोन मालक होतात. दिवसा टेबल माझं. मी घरी बसून लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, दुकानांचे बोर्ड असं डिझाइनचं काम करते आणि छापखान्याला पाठवते. संध्याकाळी टेबल त्याचं. बोटीवरचे त्याचे जुने सोबती आपापल्या घरून जमतात, कानांना हेडफोन लावतात आणि एकमेकांवर आरडाओरडा करत गोळीबाराचा खेळ खेळतात. सातासमुद्रापलीकडे एकत्र राहिलेले हे बाप्ये घरी आल्यावरही एकमेकांशिवाय जेवत नाहीत, असं मी त्याला चिडवते. आम्ही दोघं शाळेत एका वर्गात होतो, त्यामुळे आमचं अरे-तुरे चालतं. सासूबाईंना ते अजून खटकतं, पण त्यांनी आता हात टेकलेत.

या खेपेला तो आला आणि थोड्याच दिवसांत कुरकुरायला लागला. मॉनिटर गेला, म्हणाला.

"हा लाल बघ. पार विटकरी झालाय. समोरून शत्रूचा लाल माणूस पळत येतो, तो नेमका कुठे आहे तेच कळत नाही."

ज्याचा नेम सगळ्यांत पक्का, तोच आता पहिल्या झटक्यात मरत होता. सोबती त्याची टर उडवत होते आणि तो हसण्यावारी नेत होता. पण हेडफोन काढून ठेवताना त्याचा चेहरा उतरलेला असायचा. खेळात हरला म्हणून कुणी इतकं गप्प होतं का, असं मला वाटायचं. मग वाटायचं, पुरुषांचं काही सांगता येत नाही.

मी मुळातच काळजीखोर. दाराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येणाऱ्यांपैकी. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिली भीती आली ती माझ्या कामाची. लग्नपत्रिकेत लालच चुकला तर उरलं काय? मी झालेल्या पत्रिका उघडून बघितल्या, छापून आलेल्या प्रती शेजारी धरून बघितल्या. लाल तसाच होता, कुंकवासारखा. छापखान्यातूनही कधी तक्रार नव्हती. तरी तो इतक्या ठामपणे सांगत होता की चार दिवसांनी मलाही तो लाल जरा उतरल्यासारखा वाटू लागला. कारण तर आमच्याकडे तयारच असतं. घरासमोर भाट्याची खाडी. खाऱ्या हवेनं फाटकाच्या कड्या गंजतात, पंख्याची पाती गंजतात. मॉनिटर इतकी वर्षं टिकला हेच खूप, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

दुसरं काही असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात येणार नव्हतं. कारण त्याचं मेडिकल जवळ आलं होतं.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बोटीवर परत चढायच्या आधी मुंबईला जाऊन मेडिकल द्यावं लागतं. रक्त, साखर, छाती, कान, डोळे, सगळं तपासतात. पास झाला तर बोट, नाही तर घर. त्यामुळे मेडिकलच्या आधी आमच्याकडे, आणि आमच्यासारख्या खलाशांच्या कितीतरी घरांत, एक सोवळंच पाळलं जातं. जेवणात मीठ कमी, सुकी मासळी बंद, गोड बंद. आणि दुखण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. शिंक आली तर नाकात धूळ गेली. कंबर धरली तर गादी वाईट. सासरे बोटीवर होते तेव्हापासून सासूबाईंनी हा नियम चालवलाय आणि आजवर या घरात मेडिकलच्या आधी कुणी आजारी पडलेलं नाही.

म्हणून दोष मॉनिटरला. "जुना झालाय गो तो टीव्ही," सासूबाई म्हणाल्या. मॉनिटरला त्या टीव्हीच म्हणतात. "नवीन घ्या नि मोकळे व्हा. पोराच्या डोक्याला ताप नको आता."

झालं. दुपारी काम बाजूला सारून मी मॉनिटर वाचायला बसले. मला हवा होता रंग खरे दाखवणारा. त्याला हवा होता झटपट हलणारा. आणि दोघांना मिळून हवा होता परवडणारा. एक जण लिहितो आयपीएस पॅनेलच घ्या, रंग चांगले. दुसरा म्हणतो व्हीए घ्या, काळा जास्त काळा दिसतो. साठ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलणाऱ्यावर, खेळणं म्हणजे गुन्हाच, असं तिसऱ्याचं म्हणणं. कुणाचा स्टँड डुगडुगतो, कुणाच्या कोपऱ्यातून उजेड गळतो, कुणाचा घरी आणल्यावर एक ठिपका कायमचा मेलेला.  एक वस्तू घ्यायची तर तिच्यात इतकं बिघडू शकतं, हे न वाचलेलंच बरं होतं. ऑनलाइन स्वस्त मिळत होता, पण खोक्यातून काय निघेल या धास्तीनं मी म्हटलं, दुकानात जाऊन डोळ्यांनी बघून घेऊ.

मारुती मंदिरच्या पुढे एक दुकान आहे. मालक मूळचा मंडणगडकडचा, तोंडानं गोड. आम्ही सांगितलं तसे त्यानं चोवीस इंची दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. दोन्ही आयपीएस, दोन्ही शंभर हर्ट्झच्या घरातले. एकावर खेळ लावला, एकावर माझी पत्रिका. मी पत्रिका जवळून बघितली, लांबून बघितली, बाजूनं बघितली. मला दोन्ही पसंत होते, आणि दोन्ही पसंत असले की मला जास्तच घाबरायला होतं.

नवरा म्हणाला, "दोन्ही फिकेच वाटतात."

मालकानं केबल बदलली, उजेड वाढवला, दिवा घालवला. "आता बघा साहेब."

"आहे तसंच आहे."

मी कानकोंडी झाले. इतका चांगला माणूस, एवढा राबतोय, आणि आपण नुसत्या चुका काढतोय. मी हळूच म्हटलं, "अरे, चांगले आहेत की. घेऊ या ना एक."

"घेण्याआधी मेलेला ठिपका बघून घ्या," मालक म्हणाला. त्याची पद्धत अशी की सगळा पडदा एकाच रंगाचा करायचा. आधी पांढरा, मग हिरवा, निळा, लाल, काळा. भरल्या रंगात मेलेला ठिपका लगेच उठून दिसतो. नवरा पडद्यापाशी वाकला. ठिपका शोधायला त्यानं एक डोळा मिटला. होडीची फळी सरळ आहे का ते बघताना त्याचे वडील असाच एक डोळा मिटायचे, तीच घरची सवय, खेळात नेम धरतानाही हा तसाच एक डोळा मिटतो.

पांढरा झाला. हिरवा झाला. निळा झाला. मग पडदा लाल झाला.

तो म्हणाला, "हा लाल नाही."

मालक हसला. "साहेब, ह्याहून लाल करता येत नाही."

नवऱ्यानं मिटलेला डोळा उघडला आणि दुसरा मिटला. मग थांबला. परत पहिला मिटला. परत दुसरा. मालकाला वाटलं तो ठिपका शोधतोय. मी शेजारीच उभी होते. त्याच्या गालावर तो लाल उजेड पडला होता आणि तो डोळे आलटून पालटून मिटत होता, उघडत होता. ठिपका शोधणारा माणूस पडद्यावर इकडेतिकडे बघतो. तो एकाच जागी बघत होता.

 छापखान्याची तक्रार का नव्हती, ते मला त्या क्षणी कळलं. आमच्या घरचा लाल कधीच विटला नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत मांडवीच्या किनाऱ्यावर बसून त्यानं मला बोटींचे दिवे शिकवले होते. समोरच्या बोटीचा लाल दिसला तर ती तिची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी, दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्या अंगावर येतेय. मी रंगांचं काम करणारी, मला ते फार आवडलं होतं. "रंग चुकला तर?" मी विचारलं होतं. "चुकत नाही," तो म्हणाला होता. "ज्याचा चुकतो त्याला सुकाणूवर उभाच करत नाहीत."

"हाच द्या," तो एकदम सरळ होत मालकाला म्हणाला. "पॅक करा."

खोकं स्कूटरवर मधे ठेवायचं, असं येतानाच ठरलं होतं. त्यानं किल्ली काढली. मी हात पुढे केला. "मी चालवते."

एरवी मी गर्दीत स्कूटर चालवली की हा मागे बसून सूचना देत असतो. त्या दिवशी त्यानं एक अक्षर न बोलता किल्ली माझ्या हातावर ठेवली. ते बघून मी आणखीच घाबरले. मी स्कूटर घराकडे, भाट्याच्या पुलाकडे न नेता उलटी वळवली, तेव्हा तो मागून म्हणाला, "कुठे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे."

"मेडिकल झाल्यावर जाऊ."

"मेडिकलमध्ये काय करणार आहेस?"

 आमच्या दोघांच्या मधे ते खोकं होतं, त्यामुळे मला आरशातही त्याचा चेहरा दिसत नव्हता. पुढच्या चौकात तो म्हणाला, "आईला सांगू नको."

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. खोकं मी मांडीवर घेऊन बसले होते, बाहेर ठेवलं असतं तरी चाललं असतं. डाव्या डोळ्यामागच्या नसेला सूज आहे, म्हणाले. औषध लगेच सुरू करू. बहुतेकांची उतरते, पण हळू उतरते, आणि याची किती उतरेल ते आज सांगता येणार नाही. घरी रोज एक करायचं, लाल वस्तू समोर धरून एकेका डोळ्यानं बघायचं आणि फरक कमी होतोय का ते लक्षात ठेवायचं.

"लाल वस्तू आहे घरात?" त्यांनी विचारलं. मी मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं.

सासूबाईंना सांगावंच लागलं. इंजेक्शनं घरात लपत नाहीत, मेडिकलची तारीख पुढे गेली तेही लपत नाही. मला वाटलं होतं त्या माझ्यावर चिडतील, या बाईनं दुखण्याचं नाव काढलं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगितलान असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?" आणि त्या दिवशी त्यांनी आमटीत नेहमीइतकं मीठ घातलं.

आता नवा मॉनिटर त्या टेबलावर आहे. तो संध्याकाळचा खेळत नाही, सोबत्यांना त्यानं नेट बंद आहे म्हणून सांगितलंय. पण रोज सकाळी, माझं काम सुरू व्हायच्या आधी, मी सगळा पडदा लाल करते आणि तो खुर्चीत बसतो. मी विचारते, "कसा आहे?" तो सांगतो, "विटकरी." चहा प्यायच्या आधी मला हे एकच उत्तर मिळतं आणि त्यावर माझा सगळा दिवस जातो. फोन वाजला तरी दचकायला होतं. कंपनीचा असेल, तर काय सांगायचं?

आज सकाळी मी पडदा लाल केला. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आज लाल दिसतोय गं. चांगला लाल."

मला रडूच आलं. आनंदानं मी वळले, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यानं डावा डोळा मिटला होता.

चांगल्या डोळ्यानं बघून तो मला सांगत होता. मेडिकलला त्यानं काय केलं असतं ते मला समोर दिसलं, आणि हेही दिसलं की हे खोटं त्यानं माझ्यासाठी केलं होतं. मी ओरडले नाही. त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर माझा हात ठेवला. 

"आता सांग," मी म्हटलं.

त्यानं डावा डोळा उघडला. बराच वेळ बघत राहिला. मी हात काढला नाही.

"विटकरी," तो म्हणाला.