वसंतकाकांनी परत मागवलेला माल

वसंतकाकांच्या पंचाहत्तरीचं पुस्तक निघणार म्हटल्यावर सत्कार समितीच्या मंडळींनी मलाही लिहायला सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण काकांच्या धायरीच्या गोडाऊनात मी केस काळे होते तेव्हापासून कामाला आहे. गोड लिहायला बाकीचे आहेत. मी झालं ते लिहिते.

मी काम मागायला गेले, तेव्हा काका स्टोव्हपुढे बसून पातेल्यात काहीतरी ढवळत होते. मला वाटलं, आचारी असतील. त्यांनी विचारलं, "बाई, शेवया केल्यात का कधी?"

म्हटलं, "दर उन्हाळ्यात करते."

"मग ह्या इटलीच्या समजा. खाऊन बघा."

मी खाल्लं आणि तोंडावर सांगितलं, "कच्चं आहे."

काका हसले. म्हणाले, "तिकडे असंच खातात. आपल्या लोकांना हे कसं पटवायचं, हेच तर काम आहे. उद्यापासून या."

पटवणं सोपं नव्हतं. बायका पास्ता कुकरला लावायच्या, तीन शिट्ट्या करायच्या आणि दुकानदाराकडे येऊन भांडायच्या, "ही खळ विकता का हो?" काका सदाशिव पेठेतल्या दुकानांपुढे टेबल मांडून स्वतः उकडून दाखवायचे. लोक फुकट खायचे आणि नावं ठेवायचे. काकांनी कधी आवाज चढवला नाही. आम्हा बायकांनाही त्यांनी कायम 'अहो' केलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा वैकुंठ स्मशानात माझ्या नवऱ्याशेजारी शेवटपर्यंत उभे राहिलेले मालक हेच.

त्यांची एक पद्धत होती. इटलीहून नवा माल आला की त्यातला एक पुडा उकडायचा, सगळ्यांनी खायचा, मगच आमची लेबलं चिकटवायची. लेबलावर काकांचं नाव, किंमत आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या श्रावणात माल आला तो सोमवारी. काकांना उपास, आम्हालाही उपास. पुढे गणपती, दुकानदार घाई करत होते. काका म्हणाले, "नेहमीचाच माल आहे. उद्यासाठी थांबायला नको. लावा लेबलं." आम्ही लावली. पुड्यावर तिकडच्या भाषेत जे बारीक छापलेलं असतं, ते नेमकं आमच्या लेबलाखाली झाकलं जातं.

त्या मालात या खेपेला पिवळ्या पट्ट्यांचा पास्ताही होता. त्यात अंडं होतं.

एका गिऱ्हाइकाची मुलगी ती भाषा शिकत होती. तिनं लेबल सोलून वाचलं. दुकानदार गोडाऊनात आले ते हळू आवाजात बोलत. "काका, कुणाला काही झालेलं नाही. खाल्लं, पचलं, विषय संपला. उरलेल्या पुड्यांवर गुपचूप दुसरं लेबल मारा."

काका म्हणाले, "ज्यांनी श्रावणात खाल्लं, त्यांचं काय?"

"अहो, त्यांना कुठं माहीत आहे!"

"मला माहीत आहे ना."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दुकानावर काकांची पाटी लागली. 'पिवळ्या पट्ट्यांच्या पास्त्यात अंडे आहे. हिरवा ठिपका ही आमची चूक. पुडे परत आणावेत.' खाली सही. जी गिऱ्हाइकं ओळखीची होती, त्यांच्या घरी काका स्वतः गेले. मी बरोबर होते.

पेठेतल्या एक आजी चातुर्मास पाळायच्या, कांदा-लसूणसुद्धा नाही. तुपाजिऱ्याची फोडणी देऊन त्या आमचा पास्ता आवडीनं खायच्या. काकांनी हात जोडून सगळं सांगितलं. आजींनी दाराची कडी हातात धरली. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं. आता मरेपर्यंत मला हे आठवणार. तुम्ही माझ्यावर उपकार केलेत, की स्वतःचं मन हलकं केलंत?" आणि दार लावून घेतलं.

जिन्यात काका म्हणाले, "बरोबर बोलल्या त्या."

पुढचं पुण्याला माहीत आहे. पिवळ्याबरोबर नेहमीचा पांढराही परत आला. ज्यात अंड्याचा वासही नव्हता, त्या पेट्याही आल्या आणि धंदा बसला. आज काकांना शाल पांघरवणाऱ्यांत त्या पेट्या परत धाडणारेही आहेत. नावं घेत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत.

मी तेव्हा काकांशी भांडले. "तुमचं मन मोठं, पण आमच्या चुली त्याच्यावर पेटत नाहीत." त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "खरं आहे. तुमची सोय लागेपर्यंत गोडाऊनला कुलूप लावणार नाही."

तो शब्द ते पाळत आहेत. गुडघे गेलेत, डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आहे, तरी आमच्यासाठी दारोदार फिरतात. कुणाला हिंजवडीच्या कॅन्टीनला लावलं, कुणाला मसाल्याच्या कारखान्यात. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहतात आणि सांगतात, "माझ्याकडे होत्या. चूक माझी होती, त्यांची नाही." गोडाऊनात आता माल नाही. सकाळी काका शटर उघडतात. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. कामाला लागायची राहिलेली मी शेवटची.

मागच्या आठवड्यात मलाही काम लागलं, काकांनीच ज्यांना सांगून ठेवलं होतं त्यांच्याकडे. जायचं पुढच्या महिन्यापासून आहे. मी अजून काकांना सांगितलेलं नाही, नव्या मालकांनाही सांगू नका म्हटलंय. सांगितलं की त्याच दिवशी ते कुलूप लावतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून, टोपी घालून हा माणूस जाणार कुठं, ते मला कुणी सांगावं.

पुस्तक छापून येईल तेव्हा काका हे वाचतीलच, म्हणून इथंच सांगते. काका, मला काम लागलं. तुम्ही शब्द पाळलात. आता कुलूप लावा आणि गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्या, पुढं ढकलू नका. तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, आणि त्यातल्या रोजच्या सकाळी तुम्ही स्वतःच्या पायांवर उभे राहा. माझी सुट्टी गुरुवारी असेल. मी घरी येईन. दार उघडा.