कोल्हापुरात पुसली गेलेली कॅसेट

"टीव्हीचं अर्धं तिकीट घ्यावं लागेल," असं स्वारगेटला कंडक्टर म्हणाला, तेव्हाच मी घरी परत यायला हवं होतं. आले नाही. छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मांडीवर घेतला, कॉम्प्युटरची पिशवी दोन पायांमध्ये दाबली आणि सहा तास तशीच बसून राहिले. तुम्हाला कोल्हापूरची सहल करायची असेल तर जरूर करा. गाव चांगलं आहे, खाण्यापिण्याबद्दल तर बोलायलाच नको. फक्त मी तिथे जे करून आले ते करू नका. हे लिहिताना मी चिडलेली आहे, ते आधीच सांगून टाकते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर संगीताचे कार्यक्रम करते. ऐंशीच्या दशकातला आहे तो. जाड कीबोर्डसारखा दिसतो, टीव्हीला जोडावा लागतो, एका वेळी तीनच सूर काढतो आणि बंद केला की सगळं विसरतो. त्यामुळे दर वेळी त्यात प्रोग्रॅम नव्याने भरावा लागतो, आणि तोही साध्या ऑडिओ कॅसेटवरून. ती कॅसेट नुसती टेपरेकॉर्डरवर लावली तर कानठळ्या बसवणारी किरकिर ऐकू येते. ती किरकिर म्हणजेच प्रोग्रॅम. माझा प्रोग्रॅम मी दोन वर्षं रोज थोडा थोडा लिहिला होता. कुठली कळ दाबली की कुठला सूर आणि ताल कुठे वळवायचा, ते सगळं त्यात होतं. वाजवायचं मात्र मलाच, समोर बसून, दहा बोटांनी. "कॉम्प्युटरच वाजवतोय की, तुम्ही नुसती बटणं दाबता!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की माझं डोकंच फिरतं.

आणि त्या प्रोग्रॅमची कॅसेट एकच होती. पोरांना वर्गात रोज बजावते, कॉपी काढून ठेवा, कॉपी काढून ठेवा. स्वतः काढली नाही. घ्या!

बोलावणं आलं विजू कांबळेकडून. विजू माझा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे. फोनवर म्हणाला, "आमच्या आन शेजारच्या युनिटांच्या कामगारांचा, फॅमिलीसकट कार्यक्रम हाय. दरवर्षी पोरांचे त्येच डान्स. तू ये की तुझं ते डबडं घिऊन. पंधरा मिन्टं देतो."

डबडं म्हणाला म्हणून मी फोन आपटणारच होते. पण पुढे म्हणाला, तीनशे माणसं येणार. मला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं पब्लिक बारा जणांचं होतं, आणि त्यातले दोन माझे मामा होते.

शनिवार

रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे गाडी पळते. साताऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर वीस मिनिटं थांबली. चहा बरा होता, वडा कालचा होता. मी टीव्ही घेऊनच खाली उतरले, तर शेजारच्या सीटवरचे फेटेवाले आजोबा म्हणाले, "काय पावणं, मॅच बघायची हाय काय हितं?" अख्खी गाडी हसली. मीही हसले, तोवर हसू येत होतं.

उतरायची सोय मध्यवर्ती स्टँडसमोरच्या लॉजवर करा. अडीचशे रुपयांत स्वच्छ खोली आणि सकाळी बादलीभर गरम पाणी मिळतं. संध्याकाळी मिसळ खाल्ली. कट वाढायला आलेल्या काकांना मी म्हटलं, जरा कमी तिखट द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप वाटी पुढे केली. रंकाळा, देऊळ, चप्पल यांबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, ते वाचा.

रविवार

कार्यक्रम दुपारी चारला, गावातल्या एका हॉलमध्ये. मी दोनलाच पोचले. स्टेजच्या एका बाजूला साउंडवाल्याचं टेबल होतं. त्यावर मिक्सर, दोन डेक आणि कॅसेटींची रांग. प्रत्येक कॅसेटीवर चिठ्ठी चिकटवलेली: डान्स नंबर एक, डान्स नंबर दोन. टेबलामागे रफिकभाई, शेजारच्या उचगावचे, तीस वर्षं याच धंद्यात. पन्नाशी उलटलेला, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला माणूस.

"द्या कॅसेट," ते म्हणाले.

टेपरेकॉर्डर मी आणलाच नव्हता. टीव्हीनेच जीव खाल्ला होता, आणि विजू म्हणाला होता की साउंडवाल्याकडे हाय की. मी कॅसेट दिली. म्हटलं, "माझा पाचवा नंबर. तेव्हाच लावा, आणि तुमच्या डेकची एक वायर मला द्या." ते बरं म्हणाले. ही कॅसेट म्हणजे गाणं नाही, प्रोग्रॅम आहे, ती किरकिरच करणार, हे मी सांगितलं का? नाही. का नाही? कारण जन्मभर तेच समजावून मला वीट आलाय. मी सरळ जेवायला गेले. विजूच्या बायकोने, सुनंदावैनींनी, घरून डबा आणला होता. मटण, भाकरी, पांढरा रस्सा. दोनदा मागून घेतला.

चार डान्स झाले. माझं नाव पुकारलं. टीव्ही मांडला, वायर जोडली, स्क्रीनवर प्रोग्रॅम भरायचा हुकूम टाइप केला. प्रोग्रॅम भरायला सहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लोकांशी काय बोलायचं तेही पाठ करून आले होते. रफिकभाईंना मान हलवून खूण केली.

आणि स्पीकरमधून एका जुन्या हिंदी गाण्याची धून सुरू झाली. कीबोर्डवर वाजवलेली, ढोलकीसकट.

मला काही कळेचना. माझे हात कळांपासून लांब, स्क्रीन कोरी, आणि तीनशे माणसं ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. मागच्या रांगेतून शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "आयला, कॉम्प्युटर काय वाजवतोय बघ की!" दुसरा म्हणाला, "बाईला काय कराय बी लागत न्हाय!" ज्या एका वाक्यावरून मी दोन वर्षं लोकांशी भांडत आले, ते त्या स्टेजवर खरं करून दाखवलं होतं. माझ्याच तोंडासमोर, माझ्याच नावावर.

मी माइक ओढला आणि ओरडले, "बंद करा ते! आधी बंद करा!"

गाणं थांबलं. मी तशीच, माइक हातात घेऊन, टेबलाशी गेले. माझी कॅसेट कुठाय विचारलं. रफिकभाईंनी डेक उघडून दाखवला. आत माझीच होती.

"ताई, खराब झालती ओ तुमची कॅसेट," ते हळू आवाजात म्हणाले. "मी आधी सगळ्यांच्या लावून बघतो. तुमचीत नुसतं किर्रर्र. म्हणून चांगला पीस भरून दिला."

"माझ्या कॅसेटीवर? कुणाला विचारून?"

"मागचे तुकडे मोडल्यालं न्हवतं. मोडल्यालं असतं तर मी हात लावला नसता."

तुम्हाला आठवत असेल, कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. साउंडवाल्यांचा तो कायदाच आहे: तुकडे मोडलेले असतील तर आतलं जपायचं, नसतील तर भरायला हरकत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. रोज नवं काहीतरी त्याच कॅसेटीत भरत होते, म्हणून मी ते मोडले नव्हते. म्हणजे अर्धी चूक माझी. तेव्हा हे कबूल करायला माझं डोकं जागेवर नव्हतं.

मी म्हणाले, "तीस वर्षं टेबलामागे बसून तुम्ही नुसती बटणंच दाबलीत!"

माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं. रफिकभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पुढच्या डान्सची कॅसेट डेकमध्ये घालायला लागले.

मी स्टेजवर परतले आणि रिकाम्या मशीनमध्ये आठवतील त्या दहा-बारा ओळी टाइप केल्या. पीं पीं वाजलं. तीनच सूर, तेही बेसूर. लोक चहाला उठले. पहिल्या रांगेतली एक आजी शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, "पोरी, मगाचचं लाव की, ते ब्येस होतं." मी वायरी गुंडाळल्या, टेबलावरून माझी कॅसेट उचलली. विजूशी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही.

सोमवार

परतीची गाडी सकाळी आठची होती. स्टँडवर बघते तर रफिकभाई. विजूकडून माझी गाडी विचारून उचगावहून स्कूटरवर आले होते, हातात दहा कोऱ्या कॅसेटींचं पाकीट.

"ह्या तुमच्या," म्हणाले. "मोडा म्हणजे झालं मागचे तुकडे."

"नकोत," मी म्हटलं. "तुमच्या दहा मिळूनही माझी एक होत नाही."

"व्हय. त्येबी खरं हाय." त्यांनी पाकीट परत डिकीत ठेवलं, माझा टीव्ही उचलून गाडीत चढवला, सीटवर नीट आडवा लावून दिला आणि खाली उतरले. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. गाडी कराडला पोचेपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

घरी

आठवड्याने ती कॅसेट लावली. किती पुसलंय ते बघायचं होतं. सुरुवातीची साडेचार मिनिटं गेली, आणि सुरुवात गेली की मशीन पुढचं घेत नाही. दोन वर्षं पाण्यात.

पण गाणं सुरू व्हायच्या आधी माणसांचे आवाज होते. मिक्सरवरून भरताना टेबलावरचा माइक चालू राहिला असणार. हॉलमध्ये कॅसेट थेट गाण्यापासून लावली होती, म्हणून ते तेव्हा ऐकू आले नाहीत. आधी डान्स बसवणाऱ्या मॅडम विचारतात, काय झालं? मग रफिकभाई म्हणतात, "त्या पुण्याच्या ताईची कॅसेट बिघडलीया. मांडीवर टीव्ही घिऊन आलीया बाई, एवढ्या लांबनं. तीनशे माणसांत हसं व्हायला नको तिचं."

मॅडम विचारतात, "सांगायचं न्हाय तिला?"

"नको. तिला वाटू दे, तिचीच वाजली."

मग खट्, आणि गाणं.

मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा राग आला. मला न विचारता माझी इज्जत वाचवायला निघाले होते! आणि मी काय केलं, तर मला जे वाक्य सगळ्यात जास्त लागतं, तेच उचलून त्यांच्या तोंडावर मारलं, माइकवरून, त्यांच्याच लोकांसमोर. हा राग कुठे ठेवू ते मला अजून कळलेलं नाही. विजूला फोन करून रफिकभाईंचा उचगावचा पत्ता घेतलाय. पुढे काय करायचं ते ठरत नाहीये.

प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलाय. विजू म्हणाला, कॅसेट फुकट कशाला घालवतेस, त्याच जुन्या कॅसेटीवर भर की नवा. बरोबरच आहे त्याचं. साठ मिनिटांची चांगल्या कंपनीची कॅसेट आहे.

आज सकाळी मी ती उलटी धरली आणि बॉलपेनच्या टोकाने मागचे दोन्ही तुकडे मोडून टाकले.