अण्णांचे पाहुणे

माझ्या वडिलांना विसरायला होतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळलं आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. दुसऱ्या कुणाला ते दिसतच नव्हतं. उलट जो तो मला म्हणायचा, "या वयात काय तब्येत ठेवली आहे अण्णांनी! नशीबवान आहेस." मी हो हो म्हणायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

आई गेल्यापासून अण्णा खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या घरात एकटे होते. खाली दुकानं, वर आमच्या दोन खोल्या. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला सासरी, बँकेत नोकरीला. धाकटा भाऊ पुण्यात. बँक सुटली की मी स्कूटी लष्कर भागातल्या त्या घराकडे वळवायची, बाड्याच्या चौकातल्या टेम्पोवाल्यांना शिव्या घालत वाट काढायची, आणि जिना चढतानाच नाक वर करून गॅसचा वास येतोय का बघायची. मगच कडी वाजवायची. वास घ्यायची ही खोड पुढे इतकी वाढली की बँकेतही मी मधूनच हुंगायला लागले. शेजारच्या टेबलवरची विचारायची, "मॅडम, सर्दी हो गई क्या?"

अण्णांचं कुणाला काही कळत नव्हतं त्याचं कारण आमच्या घराण्यात होतं. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे उत्तरेत आले आणि दरबारात चाकरीला लागले. दरबार गेला, चाकरी गेली, अदब तेवढी मागे राहिली. अण्णा दूधवाल्यालाही 'आप' म्हणत. वर्गणी मागायला आलेल्या पोरांसाठी खुर्चीवरून उठत. मराठी माणूस असला की "यावं, बसावं," हिंदी असला की "आइए, पधारिए." आम्हा भावंडांवरही लाडात आले की "आपलं आगमन झालं का?" असं विचारत. लहानपणी मला या सगळ्याची फार लाज वाटायची. आता मात्र भीती वाटायला लागली, कारण ज्या माणसाला सगळेच 'आपण' आहेत त्याला कुणाचंच नाव लागत नाही. समोरचा कोण आहे हे ठाऊक नसतानाही त्याचं आगतस्वागत उत्तम करता येतं. अण्णा तेच करत होते.

पहिला धक्का सराफ्यातून बसला. तिथे अण्णांच्या मित्राची पेढी आहे आणि रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा अण्णांचा अनेक वर्षांचा रिवाज. एक दिवस त्या काकांचाच मला फोन. "बरेच दिवस आले नाहीत अण्णा. बरे आहेत ना?" मी चाटच पडले. आदल्याच दिवशी अण्णा मला म्हणाले होते, आज गप्पा छान रंगल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग सराफ्यात गेले. मित्राच्या पेढीवरून ते सरळ पुढे गेले, आतल्या बाजूला एका भलत्याच दुकानाची पायरी चढले, आणि गादीवर ऐसपैस बसून त्या तरुण सराफाशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. ते उठून गेल्यावर मी सराफाला गाठलं. तो खुश होता. "बाऊजी तो बड़े शानदार आदमी हैं। मुझे लगा पापा के दोस्त होंगे।" रोज चहा पाजत होता बिचारा.

मी भावाला फोन केला. तो खो खो हसला. "अगं ताई, गप्पा मारायला कुणीही चालतं त्यांना. आत्ता बोललो मी त्यांच्याशी. एकदम खणखणीत!" फोनवर अण्णा खणखणीतच असत. "काय म्हणतंय हवामान? सगळे मजेत? उत्तम, उत्तम!" एवढ्यावर फोन संपे. भावाला वाटे, वडील बोलले. मला दिसत होतं की त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी रस्त्यावरच्या कुणालाही म्हणता आली नसती.

डॉक्टरांकडे नेलं तर तिथेही हेच. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? अण्णा हसून म्हणाले, "आप जैसे व्यस्त लोगों से पूछना चाहिए। हम पेंशन वालों का तो रोज़ इतवार है।" डॉक्टरही हसले. पण ते नवखे नव्हते. मला आत बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही सुरुवात आहे. औषध देऊ, पण त्यानं थोडंच होईल. यांना एकटं ठेवू नका. नर्स नको, जवळ माणूस हवं. वेळेवर खायला घालणारं, आंघोळीची आठवण करणारं, बाहेर पडले तर सोबत जाणारं. आणि गॅसपासून दूर ठेवणारं, हे मीच मनात जोडलं, कारण त्याच आठवड्यात पाणी न घालता गॅसवर ठेवलेलं चहाचं पातेलं मला सापडलं होतं.

आता माणूस आणायचं कुठून? मी नोकरी सोडावी असं नवऱ्यानं नाही, पण नणंदेनं सुचवलं. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. शेवटी घरी सोबतीला बायका पाठवणाऱ्या एका संस्थेतून एक बाई ठरवली. हजिरा वस्तीतली, चाळिशीची, अंगानं दणकट. फोनवर मोठमोठ्यानं बोलायची, सकाळी कधीच वेळेवर यायची नाही, पण स्वभावानं मोकळी होती. पहिल्या दिवशी मी तिला घरी सोडलं आणि हायसं वाटून बँकेत गेले. तासाभरात तिचा फोन. "दीदी, ये तो मुझे उठने ही नहीं देते। कुर्सी पर बिठा दिया है। खुद चाय बना रहे हैं।"

"तो आप बनाइए ना!"

"कहते हैं, मेहमान रसोई में नहीं जाते।"

मी कॅश काउंटरवर होते. समोर रांग. त्या दिवशी माझ्या हातून काय काय चुकलं असेल देव जाणे. संध्याकाळी गेले तर पातेलं कोळसा, बाई खुर्चीत, आणि अण्णा तिला बिस्किटांचा आग्रह करताहेत. मी जरा जोरातच सांगितलं, "अण्णा, या पाहुण्या नाहीत. तुमची काळजी घ्यायला ठेवल्या आहेत." त्यांचा चेहरा पडला. "मला काय झालंय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी कडी वाजवली तेव्हा आतून अण्णांचा आवाज आला, "घर पर कोई नहीं है।" तिसऱ्या दिवशीही तेच. बाई म्हणाली, दीदी, दुसरं घर बघते मी.

मग मी खोटं बोलले. ठरवून, सरळ चेहऱ्यानं. तिला घेऊन गेले आणि म्हटलं, "अण्णा, या माझ्या ओळखीच्या, झाशीहून आल्या आहेत. यांची दिवसभराची व्यवस्था आपल्याकडे करावी लागेल. आणि यांचा नेम आहे, स्वतःच्या हातचंच खातात." नेम म्हटल्यावर अण्णांनी लगेच मान डोलावली. नेमापुढे कुणाचं काय चालणार! स्वयंपाकघर बाईंच्या ताब्यात गेलं. घरात परकी बाई आहे म्हणून अण्णा सकाळी न सांगता आंघोळ आणि दाढी करू लागले. पाहुणीला एकटीनं जेवायला बसवणं बरं दिसत नाही म्हणून तेही पानावर बसू लागले. पाहुणीला बाडा दाखवायला हवा म्हणून दोघं रोज चक्कर मारून येऊ लागली. रोज नव्यानं पाहुणी, रोज नव्यानं बाडा. ती मला म्हणायची, "दीदी, इतनी इज़्ज़त तो ससुराल में नहीं मिली।"

माझी मात्र झोप उडाली. वडिलांना फसवून मी त्यांना जेवायला घालत होते. कुणी विचारलं तर काय सांगणार? आणि विचारणारा येणारच होता.

हिवाळ्यात भाऊ आला. पुण्याला राहून त्याचं मराठी फार शुद्ध झालंय. मी "चाय पिऊन घे" म्हटलं की त्याला हसू येतं. पण पाहुणीचा प्रकार कळला तेव्हा तो हसला नाही. "तू अण्णांना मूर्ख बनवते आहेस," म्हणाला. "चांगल्या धडधाकट माणसाला पेशंट करून ठेवलंयस. मी आहे तोवर त्या बाईंची काही गरज नाही. आणि खरं सांगू, पुढेही नाही." बाईंना त्यानंच येऊ नका म्हणून कळवलं. संस्थेलाही सांगणार होता. मी गप्प बसले असं वाटत असेल तर ते चूक आहे. जिन्यावर उभं राहून आम्ही असे भांडलो की खालचा कापडवाला दुकानातून डोकावून गेला.

"बाई गेली तर इथे एकटे काय करतील ते? घर पेटवतील!"

"किती टेन्शन घेशील, ताई? दिवसभर बोलत बसतो मी त्यांच्याशी. अगदी जुन्या जुन्या गोष्टी सांगतात."

"एकदा तरी नाव घेतलंय तुझं?"

"आपल्याला लाडानं 'आपण'च म्हणतात ते. लहानपणापासून."

खरंच म्हणत. त्याच्याकडे बघून अण्णांचा चेहरा फुलत होता हेही खरं होतं. भाऊ राहिला तेवढे दिवस घरात हास्यविनोद चालले होते. मला वाटू लागलं, मीच तर वेडी झाले नाही? बँकेतून दर तासाला फोन करायची आणि तो कंटाळून म्हणायचा, "सगळं ठीक आहे गं." पाहिजे होतं काय मला? तो म्हणतो तेच खरं असावं, ही एक इच्छा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकदा काहीतरी घडावं, ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी. असं मन घेऊन चार माणसांत हिंडणं सोपं नसतं.

तो निघाला तो रविवार होता. दुपारची गाडी. रोजचं धुकं त्या दिवशी नव्हतं आणि बाजारभर लख्ख ऊन पडलेलं. अण्णांनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि निरोप द्यायला जिना उतरून रस्त्यापर्यंत आले. खाली ऑटो उभी होती. भाऊ वाकून पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आयुष्मान व्हा," ते म्हणाले. "आपला सहवास फार आनंदाचा झाला. पुन्हा या, सहकुटुंब या." मग अगदी मनापासून म्हणाले, "आणि आपल्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा. असा मुलगा लाभला, भाग्यवान आहेत."

भाऊ वाकलेला तसाच राहिला. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. इतके महिने मी याच क्षणाची वाट बघितली होती. पण तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. देवा, मी खोटी ठरू दे, एवढंच तेव्हा मनात आलं.

"सांगतो," भाऊ म्हणाला. ऑटोत बसला. ऑटो सुटली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबली. तो खाली उतरला आणि बॅग घेऊन पायी परत आला. अण्णा अजून रस्त्यावरच उभे होते, पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आत जायचं नाही म्हणून.

"धुक्यामुळे गाडी रद्द झाली," भाऊ म्हणाला. "आजच्या दिवस इथे राहिलो तर चालेल का?"

अण्णांनी वर त्या लख्ख उन्हाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"या दिवसांत होतं असं," ते म्हणाले. "आणि हे काय विचारणं झालं? घर आपलंच आहे."

त्यांनी त्याच्या हातातली बॅग धरली. भाऊ सोडेना. पाहुण्यानं सामान उचलायचं नसतं, असं अण्णांनी त्याला हळूच समजावलं, तेव्हा त्यानं सोडली. अण्णा बॅग घेऊन एकेक पायरी चढू लागले आणि भाऊ त्यांच्या मागे, दोन्ही हात पुढे धरून. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ताई, त्या बाईंना उद्यापासून येऊ दे."

वरून अण्णांचा आवाज आला, "सांभाळून या हं. जिना अंधारा आहे, आपल्याला सवय नसेल."

आम्ही दोघं त्याच जिन्यावर खेळून मोठे झालो आहोत. आम्ही सांभाळून चढलो.