मावशी नसण्याचा मंगळवार

देवाने कुणाला शेतमळा दिला, कुणाला गळा दिला. मावशींना मात्र त्याने इस्पितळाचे मळलेले झगे दिले, आणि मावशींनी ते प्रसादासारखे कपाळी लावले. बारा माणसांचा धुलाईचा कारखाना. कोणता डाग कशाने निघतो, कोणते यंत्र कुठे थापटले की चालते, सारे मावशींच्या डोक्यात. गुडघे तेवढे डॉक्टरांच्या हातात: दोन्ही बदलायचे, तीन महिने घरी बसायचे. मावशींनी तीनदा तारीख पुढे ढकलली. आपण बसलो की कारखाना बसला, ही त्यांची श्रद्धा.

मग सुनेने तोड काढली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मावशींनी 'नसायचे'. खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलायचे नाही, कुणी विचारायचेही नाही. संकटकाळी काय करायचे त्याची वही आदल्या दिवशी त्यांनीच सर्वांना वाचून दाखवायची. संकटही त्याच गुपचूप घडवीत. एकदा फ्यूज काढून साबणाच्या डब्यात लपवला, एकदा पाणीच तोडले. तीन मंगळवार ओळीने साधले तर मावशी शस्त्रक्रियेला जाणार. एक जरी चुकला तरी गुडघे त्यांचे आणि कुरकुरही त्यांचीच.

दोन साधले. तिसऱ्या मंगळवारी, मावशी नुकत्याच नाहीशा होऊन बसल्या होत्या, तोच बॉयलरचे झाकण सुस्कारले आणि वाफेने कारखान्याचा ढग केला. दोनशे झगे धुवायचे होते, आणि चारच्या आत इस्पितळात पोचायचे होते.

इस्त्रीवाले काका कौतुकाने म्हणाले, "या खेपेला मावशींनी हौसच केली की!"

मावशींची मान वळता वळता राहिली. हे त्यांनी घडवले नव्हते! हे खरे होते! पण बोलावे तर मंगळवार गेला, न बोलावे तर झगे गेले.

सून वही आणायला धावली. कपाटाला कुलूप, किल्ली मावशींच्या कमरेला. ती खुर्ची आणि भिंतीच्या मधे उभी राहिली, किल्लीकडे पाहिले, मावशींच्या डोळ्यांकडे पाहिले. मावशींनी किल्लीवर मूठ आवळली आणि डोळे मिटले. नसलेल्या माणसाची किल्ली असेल कशी?

तेव्हा बोलला तो घुम्या. बॉयलर सांभाळणारा घुम्या, ज्याने लग्नातसुद्धा होकार मान हलवून दिला होता. आधी त्याने वाफेचा नळ बंद केला, मग कपाळ पुसत, एकेक अक्षर जपत, वहीचे पाचवे पान मावशींच्याच चालीत म्हणू लागला: "बॉयलर बंद पडल्यास घाबरू नये. नाक्यावरच्या हॉटेलच्या धुलाईखान्याला फोन करावा. दोन यंत्रे दोन तास मिळतील, तसा शब्द झाला आहे. शस्त्रक्रियेचे झगे आधी, चादरी उद्या." शेवटची ओळ सर्वांनीच धरली. इतक्या वेळा ऐकलेले, पाठ न होऊन जाते कुठे!

मग काय वर्णावा तो आनंद! खोटेच संकट, मग भय कसले? गाठोडी खांद्यावर, पाय रस्त्यावर. हॉटेलची यंत्रे घुमू लागली, काका तिथल्या इस्त्र्यांना नावे ठेवत घड्या घालू लागले. इकडे रिकाम्या कारखान्यात मावशी एकट्या भिंतीला कपाळ टेकून देवाला सांगत होत्या, बाबा रे, तोंड आवर माझे.

साडेतीनला गाडी इस्पितळात पोचली. सगळे हसत परतले. काकांनी मावशींची खुर्ची माणसांकडे फिरवली. "मंगळवार संपला. झाकण बसवा आता, नाटक झालं."

"मी हात लावला नव्हता त्याला," मावशी म्हणाल्या.

काका होते तिथेच गाठोड्यावर बसले. घुम्या बॉयलरकडे धावला. सून आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. मावशींनी कमरेची किल्ली सोडून दाराच्या खिळ्याला अडकवली आणि वहीत पाचव्या पानावर तेवढी एक ओळ वाढवली: किल्ली दाराच्या खिळ्याला.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात, शस्त्रक्रियेआधी परिचारिकेने त्यांना हिरवा झगा दिला. मावशींनी तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला, शिवण ताणून पाहिली. खोड काढायला एकही जागा सापडेना.

"काही हवंय का?" परिचारिकेने विचारले.

"नको गं बाई. आमच्याकडचाच आहे," मावशी हरखून म्हणाल्या. "मी नसताना धुतलेला."